सोफेवाल्याच्या घरी टीव्ही नाही

बाजारात त्याला 'मौनीबाबा' म्हणतात आणि राहत्या इमारतीत 'रेडिओ'. ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत यावर ना बाजाराचा विश्वास बसतो, ना इमारतीचा. एकदा खालच्या मजल्यावरची शेजारीण आपली मोडकी खुर्ची घेऊन त्याच्या दुकानात गेली, बराच वेळ बसली, परत आली आणि त्याच्या बायकोला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "वहिनी, भाऊजींची तब्येत बरी आहे ना? एक शब्द बोलले नाहीत हो. नुसती मान हलवत होते."

"तोंडात खिळे होते," बायको म्हणाली.

"अगंबाई! आणि ते कशामुळे?"

"पोटासाठी."

सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवणं हा त्याचा धंदा. कापड ताणून धरायला एक हात लागतो, हातोडी मारायला दुसरा, आणि खिळे धरायला देवाने तिसरा हात दिलेला नाही. म्हणून खिळे तोंडात. मूठभर बारीक काळे खिळे गालात भरायचे, जिभेने एकेक पुढे ढकलायचा आणि डोकं बाहेर येईल असा ओठांवर आणून ठेवायचा. हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं. ती ओठांवरचा खिळा टिपते आणि पापणी लवायच्या आत तो लाकडात जातो. पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस हातोडीचे मुके घेतोय. हल्ली पिना मारायचं यंत्र मिळतं, बाजारातल्या बाकीच्यांनी ते घेतलंय. पण आमचा गडी हटून बसलेला. पीन नुसती चिकटते, खिळा धरून ठेवतो, असं त्याचं म्हणणं. त्याचं हे म्हणणं बाजाराला ठाऊक नाही, कारण बाजारात असताना त्याच्या तोंडात खिळे असतात.

याचा एक परिणाम असा झाला की लोक त्याच्याशी बोलायला लागले. मध्येच तोंड घालून 'अहो, आमच्याकडेही अगदी तस्संच' असं न म्हणणारा श्रोता आजकाल शोधून सापडत नाही. इथे तो हातोडीसकट फुकट बसलेला. गिऱ्हाइकं सोफा टाकायला येत आणि सगळा संसार सांगून जात. सुनेचं, साहेबाचं, पळून गेलेल्या पोपटाचं, सगळं. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढायच्या आधी तो उरलेले खिळे डब्यात थुंकायचा आणि दिवसभराचा साठा पोटात घेऊन तडक घर गाठायचा. एक चप्पल पायात आणि एक हातात अशा अवस्थेतच सुरू व्हायचा, "अगं ऐक, आज काय झालं!"

आता त्याची बायको कुठे काम करते ते ऐकलं की ती रोज हे कशी ऐकत असेल असा प्रश्न पडतो. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. सकाळपासून लोक तिला नळाला पाणी का नाही ते विचारतात, आणि ज्यांना पाणी आहे ते गढूळ का ते विचारतात. पण तिचा हिशेब साधा होता. खिडकीवर ऐकलं की पुढे काहीतरी करावं लागतं. नवऱ्याचं ऐकलं की नुसतं ऐकायचं असतं. शिवाय तो सांगायचाही असा, की सून बोलताना सून व्हायचा आणि पोपट उडाला की खुर्चीवर चढायचा. पोळपाट-लाटणं हातात असलं तरी ती ते खाली ठेवून बघत राहायची.

टीव्ही घ्यायला ते गेले नव्हते असं नाही. लग्नानंतर लगेच, चांगले नटूनथटून, जोडीने गेले होते. दुकानदार कुणाशी तरी बोलत होता म्हणून दोघं तिथल्या सोफ्यावर टेकले, आणि टेकताक्षणी नवरा ताडकन उठला. "अगं, हा सोफा माझा आहे! म्हणजे मी केलेला. ह्याची मालकीण कोण होती माहितेय?" मालकिणीची हकिकत सुरू झाली. ती इतकी वळणं घेत गेली, की दुकानातला नोकर दिवे मालवायला आला तेव्हा मालकीण अजून माहेरीच होती. दुसऱ्या खेपेला दारातच एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. तिसऱ्या खेपेला निघताना बायको उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "अहो, राहू दे. चालू कधी करणार आपण तो?"

घरात टीव्ही नाही ही गोष्ट इतकी साधी आहे. पण लोकांना साधी गोष्ट पचत नाही. कुणाला वाटलं परवडत नसेल. कुणाला वाटलं काहीतरी व्रत असावं. पाहुणे यायचे, बसायचे, आणि नजर कुठे ठेवावी ते न कळून भिंतीवरच्या पालीकडे टक लावून बघायचे. पालही बिचारी अवघडायची. घरातल्या खुर्च्या त्याने स्वतः केलेल्या, आणि सगळ्या एकमेकींकडे तोंड करून. त्यांत बसलं की समोर माणूसच दिसायचा, दुसरी सोयच नव्हती. लेक लहान असताना शाळेत 'माझं घर' असं चित्र काढायला सांगितलं. वर्गातल्या प्रत्येक चित्रात मधोमध टीव्ही. हिच्या चित्रात मधोमध उघडं तोंड, आणि खाली लिहिलेलं, 'बाबा'. आता ती कॉलेजात जाते, तिच्या हातात फोन आहे. पण जेवणाच्या वेळी तो उशीखाली झोपवायचा हा तिचा तिनेच केलेला नियम. ती म्हणते, "दोन्हीकडची आवाजाची बटणं कशी सांभाळू? बाबाला तर बटणच नाही."

असं सगळं बरं चाललेलं असताना अण्णा पडले.

अण्णा म्हणजे बायकोचे वडील. आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर टीव्हीसमोर जी गाडी उभी केली, ती पुन्हा हलवली नाही. आई गेल्यापासून ते गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहायचे. डोळे उघडले की टीव्ही सुरू, डोळे मिटले तरी सुरू. कान जरा कमी, त्यामुळे आवाज जरा जास्त. बायको दर आठवड्याला विनवायची, "अण्णा, आमच्याकडे चला." आणि अण्णांचं उत्तर ठरलेलं. "मी म्हातारा झालो गं. नवीन जागा मानवत नाही मला. आणि तुमच्याकडे काय आहे? भिंत?"

ते न्हाणीघरात पाय घसरून पडले ते सकाळी. सापडले दुपार कलल्यावर. मांडीचं हाड मोडलेलं, हाका मारून घसा बसलेला. शेजारी रडकुंडीला येऊन सांगत होते, "ताई, आम्हाला वाटलं सगळं ठीक आहे. टीव्हीचा आवाज येत होता ना!"

हे वाक्य बायकोच्या काळजात जाऊन बसलं. तक्रारींच्या खिडकीवर लोक बोलत असायचे आणि तिला ऐकू यायचा तो भरल्या घरासारखा मोठा आवाज, ज्याच्याआड तिचा बाप जमिनीवर पडून होता. हॉस्पिटलात तिने अण्णांना सांगून टाकलं, की आता एकटं राहायचं नाही. विषय संपला.

"येतो," अण्णा म्हणाले. "पण टीव्ही बरोबर येईल. आणि पाय बरा झाला की मी माझ्या घरी. हे कबूल असेल तर बोल."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "येऊ दे की. टीव्ही काय, मोठा आहे का अण्णांपेक्षा?"

मोठाच होता. त्यानेच तो भिंतीला ठोकला. अण्णांसाठी उंच बैठकीची, भक्कम हातांची, पाय ठेवायला सरकती फळी असलेली खुर्ची केली, तीही अशी की तिच्यात बसायला भल्याभल्यांनी पाय मोडून घ्यावा. मग घरातल्या सगळ्या खुर्च्या उचलून टीव्हीकडे वळवल्या. एकामागे एक, सगळ्यांची तोंडं एकीकडे. अण्णा पहिल्या सीटवर. लेक दारातून आत आली आणि म्हणाली, "आजोबा, ही बस कुठे जाते?"

"बस खाली, सुरू होतेय," अण्णा म्हणाले. आणि बस सुरू झाली.

पहिल्या दिवशी नवरा एक चप्पल पायात घेऊन म्हणाला, "अगं ऐक, आज—" आणि टीव्हीतल्या एका बाईने कुणाच्या तरी थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आज काय झालं—" आणि अण्णा म्हणाले, "श्श! जावईबापू, एवढं होऊ द्या." एवढं कधी होत नसे, ते झालं की दुसरं एवढं सुरू व्हायचं. पुढे पुढे तो दोन्ही चपला काढून, जागेवर ठेवून मुकाट आत यायला लागला. चपला जागेवर ठेवतो हे पाहून शेजारणीने बायकोचं अभिनंदन केलं. बायकोला गलबलून आलं.

ती कात्रीत सापडली होती. टीव्ही बंद करा म्हणावं तर अण्णा उद्याच काठी टेकत निघतील आणि पुन्हा त्या न्हाणीघरात एकटे असतील. न म्हणावं तर नवरा डोळ्यांदेखत मिटत चाललेला. आणि त्याच्या तोंडून कुरकुरीचा एक शब्द नाही. हाच तर त्रास. कुरकुर केली असती तर भांडता तरी आलं असतं.

मग एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते, अर्थात बसमध्ये, मांडीवर ताटं घेऊन. बायकोने त्याला विचारलं, "आमटी वाढू?" त्याने मान हलवली. लेकीने विचारलं, "बाबा, उद्या मला कॉलेजात सोडशील?" त्याने मान हलवली. मग त्याने घास उचलला, तोंडाशी नेला, थबकला, आणि ताटात काहीतरी पडलं. टिक. टिक. टिक.

खिळे.

दुकान बंद केलं, रस्ता चालून आला, जिना चढला, हातपाय धुतले, जेवायला बसला, आणि तोंडात खिळे आहेत हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. बोलायचंच नव्हतं तर ध्यानात यावं कसं?

ताटातल्या खिळ्यांकडे बघून तो ओशाळं हसला. "विसरलोच की," म्हणाला. लेक हसायला लागली आणि हसता हसता थांबली. बायकोने पदर तोंडाला लावला. टीव्हीत एक टोळकं साबणाची जाहिरात करत नाचत होतं. अण्णा मान वळवून जावयाच्या ताटाकडे बघत राहिले.

"गिळले असते तर?" ते मोठ्याने म्हणाले.

"नाही हो अण्णा, सवय आहे."

"कसली सवय! मला बस चालवताना ब्रेक विसरायची सवय असती तर?" त्यांनी रिमोट उचलला आणि जाहिरातीचा आवाज बंद केला. टोळकं मुक्याने नाचत राहिलं. "हे बघा. जाहिराती लागल्या की तुम्ही बोलायचं. सुरू झालं की गप्प. हा करार. बोला आता, काय झालं आज दुकानात?"

तीन आठवडे उपाशी ठेवलेल्या माणसापुढे कुणी पंगत मांडावी, तसं झालं त्याचं. पण जाहिराती त्या केवढ्या! पोपट पिंजऱ्याबाहेर येईपर्यंत मालिका परत यायची. तेव्हा त्याने सगळ्यांत लांबचा ऐवज काढला, दोघा भावांचा सोफा.

गोष्ट अशी होती. दोघे म्हातारे सख्खे भाऊ, एकाच घरात, एकाच सोफ्यावर. थोरला डाव्या टोकाला, धाकटा उजव्या टोकाला, समोर टीव्ही. कैक वर्षं एकमेकांशी अक्षर बोललेले नाहीत. कारण काय ते दोघांनाही आता नक्की आठवत नाही, पण कारण मोठं होतं यावर दोघांचं एकमत. सोफ्याची स्प्रिंग तुटली म्हणून तो दुकानात आला. सोमवारी थोरला आला नि म्हणाला, "निळं कापड लाव. त्याला काय कळतंय?" मौनीबाबाने मान हलवली. मंगळवारी धाकटा आला. "तपकिरी लाव. त्याचं काही ऐकू नकोस." मौनीबाबाने मान हलवली.

"म्हणजे दोघांनाही हो म्हणालात?" अण्णा ओरडले.

"तोंडात खिळे होते, अण्णा! मान ही एवढीच हलते."

"मग पुढे?"

पुढे मालिका सुरू झाली. अण्णांनी आवाज वाढवला. पण बायको मागून बघत होती, तिला दिसलं, की अण्णा टीव्हीकडे बघताहेत आणि जाहिरातीची वाट बघताहेत. नायिका रडायला लागली तशी ते पुटपुटले, "आटप गं बाई."

असे काही दिवस गेले. दोघे भाऊ आळीपाळीने दुकानात यायचे, सोफा तसाच उघडा पडलेला, आणि रोज संध्याकाळी जाहिरातींच्या फटींतून त्यांची हकिकत घरात झिरपायची. मग एका संध्याकाळी जाहिराती संपल्या आणि अण्णांनी आवाज वाढवलाच नाही.

त्या संध्याकाळी झालं होतं ते इतकंच. सांगता सांगता नवरा डोकं खाजवत म्हणाला होता, "आता माझीच पंचाईत झालीय. निळं लावू की तपकिरी? अण्णा, तुम्ही काय केलं असतं?"

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. मग लेकीकडे, नातीकडे. टीव्हीने त्यांना इतकी वर्षं सगळं काही दाखवलं होतं. पण 'तुम्ही काय केलं असतं' असं एकदाही विचारलं नव्हतं. घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला ते दुसरंही कुणी विचारत नाही. औषध घेतलं का विचारतात.

"थांबा," ते म्हणाले. "विचार करू द्या."

दुसऱ्या दिवशी बायको कामावरून आली तेव्हा टीव्ही सुरू होता आणि अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. "श्श," ते म्हणाले, "विचार चाललाय." तिसऱ्या दिवशी त्यांनी कुबड्या मागवल्या आणि नातीला घेऊन टॅक्सीने थेट दुकान गाठलं. सोफा बघितला. दोन टोकांना दोन खड्डे, मधली जागा कोरी करकरीत. मग कुबडी आपटून जावयाला म्हणाले, "बसमध्ये शेवटी समोरासमोरची सीटं असायची. तिथे बसलेली अनोळखी माणसंही दोन स्टॉपांत बोलायला लागायची. बाकीची एकमेकांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बघत शेवटपर्यंत मुकी. ह्या सोफ्यावर शेजारी बसून समोर बघितलं की भांडण सुखाने टिकतं रे! ह्याच्या दोन खुर्च्या कर. एक निळी, एक तपकिरी. आणि पोचवायला तू स्वतः जा. समोरासमोर मांड."

पहिल्यांदाच ते जावयाला अरेतुरे करत होते. जावयाच्या तोंडात खिळे होते. त्याने मान हलवली.

खुर्च्या झाल्या, पोचल्या. आणि त्या संध्याकाळी तो एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन दारात उभा राहिला तेव्हा जाहिराती नव्हत्या, मालिकेचा अगदी ऐन प्रसंग चालू होता. अण्णांनी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"बोलले?"

"भांडले! मी दारातून बाहेरही पडलो नव्हतो. थोरला म्हणाला, 'तुझी खुर्ची उंच आहे.' धाकटा म्हणाला, 'तू पहिल्यापासूनच बुटका आहेस.' अण्णा, जिना उतरेपर्यंत ऐकू येत होते. काय आवाज! इतक्या वर्षांचं साठलेलं!"

"वा!" अण्णा मांडीवर थाप मारायला गेले, ती नेमकी मोडक्या मांडीवर बसली, आणि ओरडता ओरडता हसत सुटले. आई गेल्यापासून बायकोने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

पण पाय काय, बरा व्हायचा तो झालाच. डॉक्टरांनी काठीवर चालायची परवानगी दिली आणि त्या रात्री अण्णा म्हणाले, "ठरल्याप्रमाणे निघतो उद्या. टॅक्सी सांगितलीय."

बायकोने काही बोलायचा प्रयत्न केला. "शब्द दिला होता," अण्णा म्हणाले. "टीव्ही उतरवून द्या तेवढा." नवऱ्याने उतरवला. जुन्या सोफ्यातल्या फोममध्ये गुंडाळून नीट बांधला. सकाळी ती कामावर निघाली तेव्हा अण्णा टीव्ही शेजारी ठेवून टॅक्सीत बसत होते. त्या दिवशी तक्रारींच्या खिडकीवर एक माणूस नळाला पाणी नाही म्हणून सांगत होता आणि ती म्हणाली, "एकटे राहता का?" माणूस गोंधळून निघून गेला.

संध्याकाळी तिने घाबरतच घराचं कुलूप काढायला किल्ली काढली, तर कुलूप नव्हतं. आत अण्णा. आपल्या उंच खुर्चीत. खुर्ची मात्र वळवलेली, दाराकडे तोंड करून. शेजारी एक ट्रंक आणि कपड्यांची वळकटी.

"अण्णा! टीव्ही?"

"तिकडेच ठेवून आलो. त्याच्या जागी." अण्णा खाकरले. "म्हातारा झालाय तो. नवीन जागा मानवत नाही त्याला. रविवारी मॅच असली की जात जाईन भेटायला. तेवढं लागतं माणसाला."

ती बोलली असती तर रडली असती, आणि अण्णांना रडणाऱ्या बायका फक्त मालिकेत चालतात. तिने बाकीच्या खुर्च्या एकेक करून ओढल्या आणि पूर्वीसारख्या समोरासमोर मांडल्या. भिंतीवर टीव्ही ठोकल्याची भोकं राहिली होती. पाल तिथे येऊन, जागा ओळखून, निवांत बसली.

जिन्यावर पावलं वाजली. अण्णांनी मान पुढे काढली.

"ए जावई! उशीर का रे? आधी तोंड उघड. खिळे नाहीत ना? हां, सांग आता."

त्याने अण्णांना पाहिलं, ट्रंक पाहिली, बायकोकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच, तोंडात एकही खिळा नसताना, त्याला काय बोलावं ते सुचेना.

"अहो, सांगा ना," बायको म्हणाली. "चप्पल काढा हवं तर एक."